वायर चांगली होती

चिमणे,

तुमच्या पंक बँडच्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला तुझा माईक बंद पडला. तू स्टेजवरून ओरडलीस, "बाबा, आवाज गेला." मी मिक्सरमागून खूण केली, वायर गेली.

तुमचं संगीत म्हणजे मांडणीवरून भांडी पडल्यासारखं, असं मी नेहमी चिडवायचो. पण त्या गाण्यात तू अचानक गोड आवाजात म्हणालीस, "रहिवाशांनी कृपया सहकार्य करावं, दुपारपर्यंत घरं रिकामी करावीत." तुझी ड्रमवाली मैत्रीण लहान असताना तिची वस्ती पाडली, तेव्हा भोंग्यावरून हेच सांगत होते. भोंगे माझे होते, भाड्याने दिलेले. आवाजही माझाच. गळा बरा म्हणून पालिकेच्या साहेबांनी मलाच बोलायला लावलं, आणि मी हुरळून गेलो. त्या पोरीने 'कृपया'वरचा माझा हेलसुद्धा पाठ करून तुला शिकवलाय.

मग तू किंचाळलीस, "तो माणूस त्या दिवशी जेवला का?"

जेवलो होतो, पोटभर. म्हणूनच मिक्सरवर तुझा आवाज मी खाली ओढला.

नंतर ती वायर तू कचऱ्यात फेकलीस. म्हणालीस, "बाबा, नवी घे आता, चिकटपणा पुरे." मी ती उचलून आणलीय. हे पत्र तिच्यातच गुंडाळून कपाटात ठेवतो.

तुझा,
अजून तुला 'बाबा'च वाटणारा