पिल्लांवरची मरळ

नेरे, ता. पनवेल
रविवार, १३ ऑक्टोबर १९५७

प्रिय शिवादादा,

विजयकर साहेबांनी थर्मासमधला चहा पेल्यात ओतला, मागे वळून तो बाबांच्या पुढे धरला, आणि बाबांचा हात हलला नाही. मी खोकले. बाबांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले, देवळात तीर्थ घ्यायला करतात तसे. साहेबांनी पेला ओंजळीत ठेवला. म्हणाले, "भगवान, मुलीला फार खोकला आहे. घरी ठेवायची होतीस." बाबांनी फुंकर मारली, एक घोट घेतला आणि म्हणाले, "साठ पोरांवर वरडते सायेब. मास्तरीण केली तवापासून घसा बसलाय तिचा."

तो माझा तिसरा खोकला होता. पहिला साहेब होडीत चढताना, त्यांची गळाची काठी बाबांच्या तोंडासमोर आली तेव्हा. दुसरा कसला ते आता आठवत नाही. खोकून खूण करायची असं तुझ्या अटीत नव्हतं. ती मी इथे पुन्हा लिहिते, म्हणजे कुठे पाळली आणि कुठे मोडली हे तुला तपासता येईल. मुंबईचा एक पाहुणा, उजाडल्यापासून दुपारपर्यंत. होडीत फक्त तो, बाबा आणि मी. मी बसायचं, पाणी उपसायचं, तोंड उघडायचं नाही. बाबांना दिसत नाही हे पाहुण्याला कळलं नाही, तर तू बाबांना मुंबईला न्यायचा विषय पुन्हा काढणार नाहीस. कळलं, तर दिवाळीला बाबा तुझ्याबरोबर शिवडीला येतील आणि होडी धर्मराजकडे जाईल, त्याला ती हवीच आहे. बाबा तेव्हा लगेच हो म्हणाले होते. मला वाटलं होतं, ते विचार न करता बोलले. आज वाटतं, त्यांनी पुरता विचार केला होता.

विजयकर ठाकुरद्वारला राहतात. सॉलिसिटर होते, आता काम सोडलं आहे. पहाटे स्वतः मोटार चालवत आले. सोबत विलायती काठी, तिला पितळी रीळ, आणि एक डबा भरून चकचकीत चमचे, माशाला फसवायला. बाबांनी डबा हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाले, यातला एक मरळीला आवडंल, बाकीचे सायबाला आवडलेत. साहेब मोठ्याने हसले. मला तेव्हाच वाटलं, आज निभणार.

तू गेली चार वर्षं बाबांना होडीत पाहिलेलं नाहीस. सुट्टीला येतोस तो ओट्यावर बसलेल्या बाबांना भेटतोस. ओट्यावर ते आंधळे दिसतात हे खरं. पाटाला अडखळतात, तांब्या शोधतात. तलावात तसं होत नाही. पूर्वेचा काठ त्यांना धुण्याच्या दगडांवरून कळतो. आपटलेल्या कपड्याचा आवाज किती बारीक येतो त्यावरून ते अंतर सांगतात. बुडालेल्या जांभळाचं खोड घाटापासून चाळीस वल्ही. उन्हं कुठल्या गालावर आहेत त्यावरून दिशा. कमळांची पानं होडीच्या बुडाला घासली की वल्हं उलटं. मी नाकाशी बसले होते, तोंड त्यांच्याकडे. साहेब मध्ये, पाठ बाबांकडे. साडेसहा ते दहा या वेळात साहेबांना एकदाही शंका आली नाही, आणि त्यातले माझे खोकले तीनच.

सात वाजता बाबांनी वल्हं थांबवलं आणि बोट वर केलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मरळ मासा असून तिला पाण्यात जीव धरवत नाही, थोड्या थोड्या वेळाने वर येऊन वारा गिळावा लागतो, हे तुला माहीत आहे. लहान मरळ असेल तर बुडबुडा फुटल्याइतकाच आवाज. मोठी असेल तर कुणीतरी लांब चूळ टाकावी तसा. बाबा म्हणाले, दोन शेराच्या वरची हाय, खोडाच्या पलीकडं, आता खाली गेली. मग त्यांनी होडी इतकी हळू फिरवली की पाण्यावर रेघ उठली नाही. साहेबांना चमचा कुठे टाकायचा ते सांगितलं, आणि टाकू मात्र दिला नाही. थांबा म्हणाले. साहेब थांबले. आम्ही तिघे किती वेळ तसे बसलो होतो, सांगता येत नाही. मग बाबा म्हणाले, हां. चमचा पडला आणि काठी वाकली.

अडीच शेर भरली. तीस वर्षं काठी धरतोय, साहेब म्हणाले, पण कुणी माझ्यासाठी मासा असा वाचून दाखवला नव्हता. मला बोलता येत नव्हतं, त्या एका वेळेला फार बोलावंसं वाटलं. दादा, मी शाळेत मुलांना वडिलांविषयी दहा ओळी लिहायला सांगते. कुणाचे वडील मिठागरात असतात, कुणाचे भात लावतात. मी स्वतः त्या दहा ओळी कधी लिहिल्या नाहीत.

आता दहा वाजता काय झालं ते लिहिते.

वाऱ्याने आम्ही पश्चिमेच्या उथळ पाण्यात आलो होतो. साहेब एकदम उभे राहिले. होडी डुलली. समोर पाण्यावर सुपाएवढा लाल डाग होता आणि तो हलत होता, कुंकू पाण्यात सांडल्यासारखा. मरळीची पिल्लं. आठ दिवसांची असतील, हजारांनी, एकमेकांना चिकटून वारा गिळायला वर आलेली. त्यांच्या खाली आईबाप दोन्ही असतात हे तलावाकाठचं लहान मूलही जाणतं. साहेबही जाणत होते. पिल्लांच्या वर काहीही टाकलं तरी मरळ ते तोडायला धावते. भूक नसली तरी धावते. तिला पकडायची याहून सोपी वेळ नाही.

साहेबांनी डब्यातला सगळ्यात मोठा चमचा काढला. बाबांनी विचारलं, काय हाय? साहेब म्हणाले, हे काय समोर, पिल्लं, केवढा गोळा आहे, म्हणजे खालची केवढी असेल बघ. बाबा म्हणाले, "सायेब, बसा. पिल्लांवरल्या मरळीला आमच्या तलावात गळ पडत नाय." साहेब चमचा दोरीला बांधत होते. म्हणाले, मी इतक्या लांबून आलोय. बाबा म्हणाले, पिल्लं बी लांबून आलीत. साहेबांचा आवाज बदलला. "तलाव काय तुझ्या मालकीचा आहे?" "नाय. तुमच्याबी नाय."

साहेबांनी काठी मागे नेली.

बाबांच्या हातात वल्हं होतं. पाण्यावर एक फटका मारला की पिल्लं खाली जातात आणि आईबाप त्यांच्या मागे. पण फटका कुठे मारायचा? चुकीच्या अंगाला मारला तर होडीच पिल्लांवर जाणार. बाबांचं डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे वळलं. पिल्लांचा आवाज होत नाही. मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, अट आठवली आणि मी ते मिटलं. चाळीस वर्षं ज्या माणसाने हा तलाव राखला, त्याच्यापेक्षा मला तेव्हा तुझी अट मोठी वाटली. मला वाटलं, दोन तास उरलेत, बाबांनी गप्प बसावं. एक मरळ गेली तर गेली.

बाबा म्हणाले, "गोदू, माना दिसत नाय. कनच्या हाताला हाय, सांग."

खणखणीत म्हणाले. कुजबुजले नाहीत.

मी म्हणाले, तुमच्या उजव्या, तीन हात पुढे. वल्हं आडवं पडलं. साहेब डोक्यापासून भिजले. चमचा पडला तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं.

साहेबांनी दोरी गुंडाळली. रुमालाने चष्मा पुसला, परत घातला आणि आज पहिल्यांदा बाबांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "दिसत नाही म्हणजे?" बाबा म्हणाले, "म्हंजी नाय दिसत." "कधीपासून? आत्ता?" "दोन वर्सं झाली. पनवेलचा डागदर बोलला, नस सुकली, कापून उपेग नाय." साहेब म्हणाले, मग सकाळची ती मरळ? बाबा म्हणाले, ती ऐकली.

साहेबांनी होडी काठाला लावायला सांगितली. उतरताना म्हणाले, मला हे आधी सांगायला हवं होतं, मला पोहता येत नाही. ते त्यांचं खरं होतं. बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, चुकलं. मी मासा मोटारीत नेऊन ठेवला. गाडी सुरू केल्यावर साहेबांनी मला हाक मारली. मला वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, काठ किती लांब आहे हे त्यांना कसं कळत होतं? मी धुण्याच्या दगडांचं सांगितलं. त्यांनी तिकडे पाहिलं. एक बाई गोधडी आपटत होती. मग निघून गेले. पुन्हा येईन म्हणाले नाहीत, येणार नाही असंही म्हणाले नाहीत.

घरी येताना बाबा माझ्या पुढे चालत होते. दारात पाय धुतले आणि म्हणाले, "गोदू, शिवाला लिही. सायबाला कळलं म्हून. आपण हारलो." मी म्हणाले, साहेबांना कळलं नाही, तुम्ही सांगितलंत. अटीत सांगण्याचं काही नव्हतं. बाबा म्हणाले, "वकिली नको. कळलं म्हंजी कळलं." मग थांबून म्हणाले, "आन तुझं खोकणंबी लिही." म्हणून ते सगळ्यात आधी लिहिलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी लिहायला सांगितली नव्हती, ती मी लिहिते. बाबांना आता होडी झेपत नाही असं तुला कुणी कळवलं, हे त्यांना कधी कळलं नाही. त्यांनी धर्मराजवर ठेवलं. त्याला होडी हवी आहे म्हणून त्याने चुगली केली, असं ते दोन महिने बोलत होते आणि मी ऐकून घेत होते. श्रावणात एका संध्याकाळी ते घाटाच्या पायरीवरून पाण्यात गेले, कमरेपर्यंतच, आणि हसत वर आले. मी त्याच रात्री तुला लिहिलं की बाबांना घेऊन जा, माझ्याने होत नाही. ते पत्र खोटं नव्हतं. मी घाबरले होते. पण मी त्यांना ओट्यावरून पाहून लिहिलं होतं, तुझ्यासारखंच. आज जेवताना त्यांना सांगून टाकलं. घास हातात तसाच राहिला. मग म्हणाले, "मंग धर्मराजाला म्या उगाच शिव्या घातल्या," आणि भात कालवला. नंतर ताटातला माशाचा मोठा तुकडा चाचपून माझ्या ताटात टाकला.

तर दादा, हे पत्र बाबांच्या सांगण्यावरून हरल्याचं कळवायला लिहायला घेतलं, ते कळवलं. पुढचं माझं आहे. बाबा शब्द मोडणार नाहीत, आणि मी त्यांना मोडा म्हणणार नाही. दिवाळीला तू येशील तेव्हा ते कपडे घालून तयार असतील आणि तुझ्याआधी वेशीवर पोचतील. पण शब्द त्यांनी तुला दिला आहे. तो परत करायचा तर तूच करू शकतोस. दया म्हणून करू नकोस, त्यांना ती लगेच ओळखू येईल. एक दिवस आधी ये. मी वल्हं मारते, ते मागे बसतील, आणि तू मध्ये बस, साहेब बसले होते तिथे. सकाळभर बस. मग काय सांगायचं ते तू त्यांना सांग. होडी मी धर्मराजला देणार नाही, ते मात्र ठरलं आहे. शाळा अकराला भरते. त्याआधीचा वेळ माझा आहे.

पत्र पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून सोमवारचं दोन ओळींत लिहिते. सकाळी बाबांनी मला सहाला उठवलं आणि घाटापर्यंत आले, पण होडीत बसले नाहीत. हरलेल्याने बसू नये म्हणाले. मी एकटीच पाण्यात गेले. पस्तीस वल्ही झाल्यावर त्यांनी काठावरून हाक मारली, डाव्या हाताला, खोडाशी. मी थांबले, मग गळ टाकला. मरळ लागली, दोन शेराला थोडी कमी.

तुझीच धाकटी,
गोदू