सान्याफाऱ्याच्या उतारावरची होडी

मी, दूसू उलारे, होडीवाल्या नामोरीची मुलगी, विधवा, मूलबाळ नसलेली, राहणार सान्याफारा, जोलिबा नदीचा डावा काठ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत तोंडी सांगून लिहून घेत आहे. डोळे अधू झाले आहेत, डोकं नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकायला जे आले त्यांना मी अंगणातूनच परत पाठवलं. माझ्या नावाचं दुसरं मृत्युपत्र कुणी काढून दाखवलं तर ते खोटं समजावं आणि आणणाऱ्याचं नाव चारचौघांत घ्यावं.

१. धर्माच्या नियमाप्रमाणे माझा वारस एकच आहे, मरहूम भावाचा मुलगा करिफा. आई गेल्यापासून तो माझ्याच चुलीवर वाढला. घर, शेळ्या, भाताचं शेत त्याला जाईल, जाऊ दे. इमामसाहेब सांगतात की मालमत्तेच्या एक तृतीयांशाबाबत माझी इच्छा चालते आणि तो भाग वारसाला देता येत नाही. मला द्यायचाही नाही. त्या तृतीयांशात मी होडी आणि वल्हं धरते. या दोन वस्तू करिफाच्या हाती जाऊ नयेत, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

२. कारण लिहून ठेवते, नाहीतर मागाहून लोक म्हणतील, म्हातारीला भ्रम झाला होता.

पलीकडचा काठ राष्ट्रीय उद्यानाचा. नदी ओलांडायला सोयीची जागा ही एवढीच. धारेच्या खालच्या अंगाला खडक, वरच्या अंगाला पाणघोडे. शिकाऱ्यांकडून सोडवून आणलेली चिंपांझींची पोरकी पिल्लं अलीकडच्या काठावरच्या प्राणी-छावणीतल्या लोकांनी वर्षानुवर्षं सांभाळली, रानात फिरायला, फळं ओळखायला शिकवली आणि मोठी झाल्यावर पलीकडे सोडली. त्यांचे पिंजरे माझ्याच होडीतून गेले. तेव्हा मला छावणीवाल्यांचाही संशय होता. एवढं खाऊ घालून कुणी जनावर फुकट सोडून देतं? पण तेनीन नावाची मादी पिंजऱ्यातून उतरली, झाडाला हात लावून बराच वेळ नुसती उभी राहिली, आणि मग वर चढली. ते पाहिल्यापासून मी त्यांच्याकडून उतराई, म्हणजे होडीचं भाडं, घेतली नाही.

पुढे तेनीनला पिल्लू झालं. त्याच कोरड्या ऋतूत एका सकाळी माझ्या होडीची गाठ मला वेगळी दिसली. मी गाठ डावीकडून मारते.

"वाऱ्यानं सुटली असेल गं, आत्या," करिफा म्हणाला.

"सुटली वाऱ्यानं. मग परत बांधली कुणी, वाऱ्यानंच?"

"तुला सगळीकडे चोरच दिसतात."

काही दिवसांनी तोच म्हणाला, पलीकडे एक पाहुणा मध काढायला गेलाय, त्याला आणू. आम्ही दोघं गेलो. पाहुणा शहरी बुटांत उभा, हातात झाकलेली टोपली, वर मधानं भरलेले दोन वाळके भोपळे. त्या मधावर एकही माशी नव्हती. नदीच्या मध्यावर टोपलीतून कण्हल्यासारखा आवाज आला.

"मध बोलायला कधीपासून लागला?" मी विचारलं.

"म्हातारे, तू वल्हव," पाहुणा म्हणाला.

करिफानं माझ्याकडे पाहिलं. "आत्या, गप्प बस. पाया पडतो तुझ्या."

मी गप्पच बसले. होडी मधल्या वाळूवर रुतवली आणि वल्हं धारेत सोडून दिलं.

"हे काय केलंस!" पाहुणा ओरडला.

"हात सुटला. म्हातारी झाले ना."

पाहुण्यानं माझ्यावर हात उगारला. करिफा मध्ये पडला, तो तडाखा त्यानं खाल्ला, हेही लिहावं. चहूकडे पाणघोड्यांचे कान वर आले होते, उडी टाकायची छाती कुणाची नव्हती. काठावर जाळं धुणाऱ्या सितानला मी ओरडून सांगितलं, तिनं वनरक्षकांना बोलावलं. टोपलीत तेनीनचं पिल्लू निघालं. ते माझ्या लुगड्याला असं चिकटलं की सोडवायला छावणीच्या जेने मान्सारेला यावं लागलं. तेनीन रानात सापडली, छऱ्यांनी चाळण झालेली.

दोघांना कैद झाली. पाहुणा करिफाच्या कितीतरी आधी सुटला. त्याला कुणी सोडवलं याबद्दल माझा संशय आहे, पण नाव सांगितलं की लिहिणाऱ्याचा हात थांबतो.

३. होडी जेनेला. वल्हं सितानला, धारेतून ते तिनंच शोधून आणलं. जेनेला वाटतं सितान मासळीखाली काहीतरी दडवून नेईल. सितानला वाटतं छावणीवाले एक दिवस नदीच बंद करतील. दोघींचं एकमेकींवर बारीक लक्ष असतं. ते तसंच असू द्यावं. दोघी हजर असल्याशिवाय होडी सुटू नये.

४. मी अचानक गेले तर आदल्या दिवशी मला जेवण कुणी पाठवलं होतं याची चौकशी व्हावी. शेंगदाण्याची आमटी मी दुसऱ्याच्या हातची खात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

५. त्या पिल्लाला छावणीवाल्यांनी माझंच नाव दिलं, मला न विचारता. ती दूसू यंदा मोठी होऊन पलीकडे गेली. त्यानंतर करिफा माझ्या दारात आला. सुटल्यापासून पहिल्यांदाच.

"होडी ज्याला देशील त्याला सांग, पलीकडच्या वळणाला यंदा एक खडक वर आलाय. इकडून दिसत नाही."

"मग तुला कसा दिसला? कुणाच्या होडीतून गेलास?"

"पोहत गेलो. तिला सोडलं त्या दिवशी. झाडीत बसून बघितलं."

"पाणघोड्यांतून?"

"तुझ्याकडे होडी मागायला तोंड कुठं होतं मला, आत्या?"

दुसऱ्या दिवशी मी सितानला घेऊन गेले. खडक आहे. करिफा तिथवर पोहत गेला की पुन्हा कुणाला वाट दाखवायला गेला, हे मला माहीत नाही, आणि कळायला आता वेळही उरलेला नाही. म्हणून जेने आणि सितान यांना माझी आज्ञा अशी: करिफा म्हणेल तेव्हा, वर्षातून एकदा, त्याला पलीकडे न्यावं. उतराई घेऊ नये. मधल्या फळीवर बसवावं, रिकाम्या हातानं, आणि त्या दूसूला बघून होईपर्यंत थांबावं. घाई करू नये.

हे मृत्युपत्र मला दोनदा वाचून दाखवलं, दोन निरनिराळ्या माणसांनी, एकाला बाहेर बसवून. दोन्ही वेळा मजकूर सारखाच निघाला, तेव्हाच अंगठा दिला.

दूसू उलारे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
बांगाली दुंबुया, निवृत्त शिक्षक (लिहिणार)
सोरीबा कामारा, लोहार (बांगालीशी बोलचाल नाही, म्हणूनच बोलावला)

स्थळ: सान्याफारा, नदीकाठ
दिनांक: रमजानच्या आधीचा शेवटचा शुक्रवार, पाणी उतरल्यावर