बायांची रांग

११ एप्रिल १९९३, रविवार
आजपासून स्त्रीमुक्तीच्या कार्यात प्रत्यक्ष उतरण्याचा निश्चय केला. निमित्त असे. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर येतो. कोपऱ्यावरच्या खोलीत रुक्माबाई राहतात. पाचोऱ्याला त्या जन्मल्या तेव्हा घरच्यांनी मुलगा समजून सुपडू नाव ठेवले. वीस वर्षांपासून मात्र त्या रुक्माबाईच आहेत. गल्लीत कोणी त्यांना मावशी म्हणते, कोणी म्हणू नये ते म्हणते. आज त्या हंडा घेऊन आल्या, तर बायांनी त्यांना पुरुषांच्या रांगेत जाण्यास सांगितले. पुरुषांची रांग नाहीच. आमच्या गल्लीत पुरुष पाणी भरत नाहीत. रुक्माबाई बाजूला उभ्या राहिल्या आणि टँकर रिकामा झाला.
हे सर्व मी खिडकीतून पाहिले. इतकी अस्वस्थ झाले की भाषाविज्ञानाची दोनच प्रकरणे वाचून झाली.

१२ एप्रिल
विचारांती लक्षात आले की हा प्रश्न पाण्याचा नसून व्याख्येचा आहे. स्त्री कोणास म्हणावे हे एकदा निश्चित झाले की रांग आपोआप पुढे सरकेल. नऊ मे रोजी धुळ्याला महिला मंडळांचा मेळावा आहे. तेथे निबंध वाचीन. व्याख्या आठवड्याभरात पूर्ण होईल.
रुक्माबाईंशी समक्ष बोलावयास हवे. उद्या.

१४ एप्रिल
काल जमले नाही. आज त्या दारातच उभ्या होत्या. मी चपलांकडे पाहत पुढे गेले. समक्ष भेटीत अभ्यासकाची तटस्थता ढळते. प्रश्नावली अधिक शास्त्रीय. बत्तीस प्रश्न काढून प्रमिलामामींच्या हाती पाठवले. मामी रांगेत असतातच. मी दहावीला तालुक्यात पहिली येऊन पहूरहून इकडे जळगावला शिकायला आले, तेव्हापासून घरचे पाणी त्याच भरतात. माझा वेळ मोलाचा आहे, असे मामा म्हणाले होते. मामी काही म्हणाल्याचे आठवत नाही.

१७ एप्रिल
प्रश्नावली कोरी परत आली. सोबत निरोप: “पोरीले सांग, इतला प्रश्न पोलीसबी इचारत नही. पहिले माले एक हंडा पाणी भेटू दे, मंग बठ्ठं सांगसू.”
आधी पाणी, मग सगळे सांगेन, हे उत्तर भावनिक आहे. तरीही परिशिष्टात घेईन.
आजही त्यांना रांगेत घेतले नाही. नशिराबादच्या रस्त्यावरच्या एका धाब्यावरून त्या पाणी आणतात, असे मामी म्हणाल्या. भर उन्हात, पायी. नोंद केली.

२५ एप्रिल, रविवार, सायंकाळी ६
आमच्या महिला मंडळाची बैठक अध्यक्षा लीलाताईंच्या बंगल्यावर झाली. (त्यांच्याकडे स्वतःचे बोअरिंग आहे.) रुक्माबाईंना सभासद करून घ्यावे आणि मंडळाने गल्लीतील बायांना समजावावे, असा ठराव मी मांडणार होते. ऐन वेळी घसा बसला, म्हणून ठरावाचा आणि व्याख्यांचा कागद शेजारी वाचायला दिला.
व्याख्या पहिली: ‘जिच्या ठायी मातृत्वाची ओढ आहे, ती स्त्री.’ खजिनदार बाई म्हणाल्या, “मला मूल कधी हवंच नव्हतं. मग मी कोण?” यावर चहा आला.
व्याख्या दुसरी: ‘स्त्री म्हणून जिला दुय्यम वागणूक मिळते, ती स्त्री.’ लीलाताई म्हणाल्या, त्यांना दुय्यम कोण वागवतो ते दाखवा. त्यांचे मिस्टर त्यांना विचारल्याशिवाय छत्रीसुद्धा घेत नाहीत.
दोन्ही एकमताने फेटाळल्या.
शेवटी बेबाबाई आल्या. त्या दवाखान्यात आया आहेत. आमच्या मागल्या गल्लीत बौद्धवाड्यात राहतात, टँकर तोच. बैठक चारला आणि त्यांची ड्युटी पाचपर्यंत, त्यामुळे त्यांचा वाटा नेहमी आभारप्रदर्शनापुरता असतो. त्यांनी उभ्याउभ्याच विचारले, “पन त्या बाईच्या घरात आज पानी शे का?”
कोणालाच माहीत नव्हते. विषय पत्रिकेवर नसल्याने पुढील बैठकीसाठी लिहून घेतला.

२६ एप्रिल
चैन पडत नाही. पहाटेच व्याख्या तिसरी सुचली: ‘घरकामाचा भार जिच्यावर आहे, ती स्त्री.’ अप्रतिम. रुक्माबाई बसतात, मामी बसतात, बेबाबाई तर दोनदा बसतात. दुपारी पडताळून पाहता आढळले की मी बसत नाही. अभ्यास करणाऱ्या व्यक्तींना अपवाद, अशी तळटीप जोडली.

२ मे
निबंध एकेचाळीस पृष्ठांचा झाला. रुक्माबाई आज टँकर येण्याआधीच धाब्याकडे निघाल्या होत्या. त्यांना हाक मारून ‘धुळ्याला तुमचा प्रश्न मांडते आहे’ असे सांगावयास हवे होते. आल्यावर सांगेन.

९ मे, धुळे, दुपारी ३:४०
निबंध वाचला. प्रत्येकीस पाच मिनिटे होती. संबोधन, प्रास्ताविक आणि ‘स्त्री’ या शब्दाची व्युत्पत्ती एवढे होताच घंटा वाजली. रुक्माबाईंचा उल्लेख पृष्ठ सव्विसावर आहे. श्रोत्यांच्या गाढ शांततेवरून विषय पोहोचला असावा. मागच्या रांगेतील दोघी झोपल्या होत्या, पण त्या दूरवरून आलेल्या होत्या.

१० मे, जळगाव
मामींनी सांगितलेले जसेच्या तसे लिहिते. परवा, मी धुळ्याला निघाल्यावर, टँकर आला. बेबाबाईंनी रजा टाकली होती. त्यांनी रुक्माबाईंचा हंडा उचलून आपल्या हंड्यापुढे ठेवला. कुजबुज झाली. तेव्हा त्या म्हणाल्या, “मनी मायले गावनी विहिरवर असंच बाजूले उभं करेत. मी कोनले उभं करसू नही. जिले पटत नशे, तिनी मना मांगे उभं राहा.” मग मामी पुढे झाल्या आणि आपला हंडा बेबाबाईंच्या मागे लावला. नंतर सगळ्याच आल्या. टँकर थोडाच थांबणार होता.
यात कोणती व्याख्या वापरली, असे मी विचारले. मामी म्हणाल्या, “कसली व्याख्या? हंडा ठेवला.”
सैद्धांतिक पायाविना झालेले हे परिवर्तन कितपत टिकेल, याची चिंता वाटते. उद्या स्वतः पाहणी करीन.

११ मे, सकाळी ९
वही आणि हंडा घेऊन रांगेत गेले. सात वर्षांत प्रथमच. कोणी ओळखले नाही. एकीने विचारले, “कोनता घरनी शे तू? हाई आम्हनी गल्लीनं पाणी शे.” दुसरीला वाटले, मी नगरपालिकेची पाहणीवाली, तिने मला टाकीच्या झाकणाची तक्रार सांगितली. मी बाजूला उभी राहिले.
पुढून रुक्माबाई वळल्या. “येऊ द्या तिले,” त्या म्हणाल्या. “प्रमिलाबाईनी भाची शे. खिडकीमा बसीसन पुस्तक वाचस. पन बाईच शे ती.”
सगळ्या हसल्या आणि सरकल्या. रुक्माबाईंनी मला आपल्यापुढे घेतले. बत्तीस प्रश्नांपैकी एकही आठवला नाही. हंडा कमरेवर कसा धरतात, एवढेच विचारले. त्यांनी दाखवले. मला जमले नाही.
घरी पोहोचेपर्यंत अर्धा हंडा उरला होता. मामींनी तो माठात ओतला, बाहेर टँकर अजून उभा आहे का ते पाहिले, आणि रिकामा हंडा परत माझ्या हातात दिला.