शून्य किंवा त्याहून जास्त

सोमवार, पोळ्याची कर. सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आईला ऑटोने डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. गर्दी होती. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची नजर गेली आहे, ती परत येणार नाही. उजवा डोळा रोज थेंब टाकले तर टिकेल. घरी येऊन दोघी जेवलो. आई शेजारी बसायला गेली आहे.

बाबा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातही भांडले नाही. आज भांडायचं आहे. डॉक्टरांनी विचारलं, "हे फार वर्षांपासून चालू असणार. आधी कधी दाखवलं नाही का?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "दिसत होतं ना मले, डॉक्टरसाहेब. काहून दाखवू?" अगदी सहज म्हणाली. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे.

मला अकोटचं आपलं स्वयंपाकघर आठवतं आहे. कॉलेजात तुम्ही बारावीला रेषीय प्रोग्रामिंग शिकवायचात. पुस्तकातल्या खुर्च्या-टेबलांची गणितं सोडून तुम्ही कपाशी आणि तुरीची घालायचात. जमीन एवढी, मजूर एवढे, पाणी एवढंच, आता सांगा कोणतं पीक किती लावायचं. पोरं खूश असायची. पगार झाला की पुढच्या रविवारी तोच वर्ग आपल्या घरी भरायचा. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर तुम्ही प्रत्येक खर्चाला एक अक्षर द्यायचात आणि पेन उगारून म्हणायचात, "अट बोला. कमीत कमी किती, ते बोला. बाकी मी पाहतो." दादा क्लासची फी आणि बूट सांगायचा. मी कंपासपेटी, स्वेटर, जे असेल ते. मग तुम्ही चुलीकडे बघायचात. "अन् तुह्यं काय वं?" आई पोळी लाटते आहे, मान वळवत नाही. "माह्यं काय. तुमचं होऊ द्या, उरलं तं पाहू."

आणि तुम्ही लिहायचात, आ ≥ ०. म्हणजे आई, शून्य किंवा त्याहून जास्त. "तुमची माय उणे व्हत नाई. एवढी अट बस हाय." आम्ही हसायचो. आईसुद्धा हसायची. मग तुम्ही खर्च कमीत कमी कसा होईल ते काढायचात. दादाचे बूट यायचे, माझा स्वेटर यायचा, आणि आईच्या अक्षरापुढे शून्य. दर महिन्याला शून्य.

तुम्हाला हे कळत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर मी गप्प बसले असते. पण बारावीला मी तुमच्याच वर्गात होते. फळ्याकडे बोट करून तुम्ही सांगितलं होतं की ज्या गोष्टीला पैसे लागतात आणि जिच्यावर शून्याशिवाय दुसरी अट नाही, तिला गणित शून्यावरच नेऊन बसवणार. त्यात गणिताचा दोष नाही, अट लिहिणाऱ्याचा आहे. अट लिहायची राहिली म्हणून तुम्ही पोरांचे गुण कापायचात. तुमचे कोणी कापले?

आता मी इथे अमरावतीत मुलींच्या वसतिगृहाचं बजेट करते. तुमचीच पद्धत, फक्त कॉम्प्युटरवर. पहिल्या वर्षी मशीनने मेसच्या यादीतून दही आणि फळं साफ उडवली. मेसच्या मावशी कागद हातात घेऊन आल्या. "मॅडम, ह्या पोरी हायेत का बैलं? नुसती दाय अन् तेल?" मी हसले आणि लगेच दह्याला आणि फळांना कमीत कमीची अट टाकली. एक-एक ओळ. एवढंच काम होतं, बाबा. ज्याला मागता येत नाही त्याच्या वतीने एक ओळ लिहायची. दह्याला तरी कुठे तोंड असतं? आईला होतं, पण ते तुम्ही एक चेष्टा करून बंद केलं.

तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. नेहमी डावाच. चहा ओतताना कपाबाहेर जायचा. तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचात, "लक्ष कुठं असते तुहं?" एकदा ती बोललीही होती, "इकून धूसर दिसून राह्यलं जी." तुम्ही म्हणालात, दिवाळी झाली की अकोल्याले दाखवू. कोणती दिवाळी, ते तुम्ही सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तुम्ही गेल्यावर दादाने विचारलं, मी विचारलं. पण तोवर तिला शून्याची सवय झाली होती. गावात शिबिर आलं तेव्हा चष्म्याचा नंबर काढून आणला, मोतीबिंदू नाही म्हणाले, एवढ्यावर ती खूश. फुकटात झालं म्हणून जास्तच खूश.

आज औषधाच्या दुकानात तिने काउंटरवर हात ठेवून पहिला प्रश्न केला, "केवढ्याची हाय रे बाटली?" पोराने किंमत सांगितली. तिने माझा हात धरून मला बाजूला ओढलं. "राहू दे. एक डोळा तं हाय ना अजून. बस हाय." ते "बस हाय" ऐकलं आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. त्या दुकानात मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही. म्हटलं, "आई, त्यानं चुकीचं सांगितलं. मले ऑफिसकडून फुकट भेटते." ती एकदम सरळ उभी राहिली. "फुकट हाय? मंग दोन घे."

मी दोन घेतल्या. ऑटोत ती पिशवी मांडीवर धरून बसली होती आणि वसतिगृहाचं कौतुक करत होती. मी बाहेर बघत होते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. हा सगळा राग तुमच्यावर नाही. निम्मा तिच्यावर आहे. इतक्या रविवारांत एकदा लाटणं खाली ठेवून तिने "मले पाहिजे" म्हटलं असतं तर? पण ती समोर आहे, उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघते, तिला हे म्हणता येत नाही. तुम्हाला म्हणता येतं, म्हणून सगळं तुमच्या नावावर टाकलं.

ती यायच्या आत दोन्ही खोक्यांवरची छापील किंमत काळ्या पेनाने खोडते आहे. शाई सुकली की बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवायच्या आहेत.