गुहेत सुती कपडेच बरे

९ जानेवारी १९८३, रविवार
संपाला वर्ष होत आलं. गिरणी पुढच्या महिन्यात सुरू होणार, हे नक्की. तोवर अंग फिट ठेवायचं. दादरचा हेरंब, बँकेत क्लार्क, सुट्टीला डोंगर चढतो. घाटावर एक पाण्याची गुहा आहे, आत किती लांब जाते कुणी बघितलेलं नाही. दोर उचलायला माणूस हवाय म्हणाला. मी कपड्यांचा सल्लागार म्हणून जातोय. दोरही उचलीन.

१२ जानेवारी
हेरंबचं म्हणणं, सुती घालू नका, पाणी पितं आणि अंगातली ऊब ओढून घेतं, लोकर आणा. शांतपणे सांगितलं, सोळा वर्षं रिंग खात्यात सूत काढलंय. बँकवाल्याने मला सूत शिकवू नये.

१५ जानेवारी
बायको, मालन, सध्या चौदा जणांचे डबे करते. तात्पुरतं. डब्याच्या एका गिऱ्हाइकाचा लोकरी स्वेटर मागून आणला तिने. परत पाठवला.

२२ जानेवारी, संध्याकाळ
तयारी पूर्ण. दोन बनियन, तीन शर्ट, ड्रिलची पँट. सगळं कॉटन. सराव म्हणून चाळीच्या नळाखाली बसलो. बायकांनी चार मिनिटांत उठवलं. नाहीतर तासभर बसलो असतो.

२३ जानेवारी, दुपारी दीड. गुहेत.
पाणी छातीपर्यंत लागलं. आता कपारीवर बसलोय. हेरंब आणि त्याचे दोन मित्र टॉर्च घेऊन पुढे. थंडी नाही. नुसतेच दात वाजतात.

सव्वादोन
शर्ट जड झालेत. चांगल्या कापडाला वजन असतंच.

तीन
कापरं थांबलं. कॉटनने शेवटी काम केलं. पेन्सिल हातातून सारखी पडते.

२५ जानेवारी, काळाचौकी
हेरंबने ओले कपडे उतरवून घोंगडीत गुंडाळलं, गरम गूळपाणी पाजलं. डोकं ठिकाणावर आहे का बघायला विचारलं, "कोंडीराम, काम काय करता?"
म्हटलं, "रिंग खातं. सेकंड शिफ्ट. आत्ता निघायला पाहिजे."
तो दोघांना म्हणाला, "भ्रम झालाय. उचला."
उत्तर बरोबर होतं. तरी खांद्यावरून बाहेर काढलं.

२९ जानेवारी
हेरंब बघायला आला. माझं सेकंड शिफ्टचं उत्तर त्याने हसत हसत मालनला सांगितलं. ती हसली नाही. स्टोव्हला पंप मारत बसली. पेटल्यावरही मारत होती.

२ फेब्रुवारी
बोटं अजून बधिर. डॉक्टर म्हणतात, हळूहळू येतील.
सकाळी गिरणीच्या गेटवर जायचं होतं. गेलो नाही. मालन म्हणाली, बसा, डबे भरा. बसलो. डाळीचं पातेलं धरून ओतत होतो. सहाव्या डब्याला तिने मनगट धरून हात मागे ओढला.
"अवो, भाजतंय ते."
तळवा लाल झालाय. मला काही कळलं नव्हतं.