नारळाला बांधलेली होडी

मुरुड, कोळीवाडा
दि. १२ जून २०२५

चि. मृणाल हिला आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

मे महिन्यात आलीस, तुझा जुना लॅपटॉप माझ्या ओटीत घातलास आणि शाळा उघडायच्या आधी पळालीस. पालीच्या पलीकडच्या त्या डोंगरात तुझ्या आश्रमशाळेला रेंज नाही आणि माझ्या कानांना फोन झेपत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय मला कागदच बरा. पडद्यावर बघू की तुझ्या सूचना वाचू? कागद शेजारी ठेवला की दोन्ही जमतं.

तू दाखवलेल्या त्या लॅपटॉपमधल्या जगात, दर्याबेटावर, मी रोज जाते. पहिल्यांदा नुसती भिंतींवर आपटत होते. मग उडायला शिकले, तर थांबायला येईना. कुणा बाईच्या गच्चीवर, तिच्या तुळशीवृंदावनातच जाऊन बसले. बाई भली. तिने लिहिलं की नवीन दिसताय, या, चहा घ्या. चहा कसा घ्यायचा हेही मला ठाऊक नव्हतं गं!

पुढची फजिती ऐक. सराव मैदानावर ठोकळे ताणून ताणून मी बोंबील वाळवायची वलांडी बांधली. दोऱ्या ओढल्या, बोंबील लटकवले, आणि घरात भात लावून परत येते तर मैदान साफ! माझं डोकंच फिरलं. तिथल्या सगळ्यांसमोर लिहिलं की माझे बोंबील ज्याने नेले असतील त्याने मुकाट्याने आणून द्यावेत. मग रुचिता आली. ती नाशिकची, बेटाची सगळी व्यवस्था तीच बघते. तिने समजावलं की सराव मैदानावरची वस्तू काही वेळाने आपोआप ज्याच्या त्याच्या पिशवीत परत जाते. पिशवी उघडली तर वलांडी आत, बोंबलांसकट. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता कामाचं. नारळी पौर्णिमेला बेटावर होड्यांची मिरवणूक असते. जी होडी आठ माणसं घेऊन बेटाला फेरी मारेल आणि समुद्राला नारळ वाहील, तिला पुढे जायचा मान. आधी तालीम होते, मग सगळे मिळून ठरवतात. मृणाल, तो मान मला हवाय. हसू नकोस. कान गेल्यापासून घरात, लग्नात, वाडीच्या बैठकीत मी मागे बसते आणि कोण काय म्हणालं ते दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत ताडते. कोणी सांगत नाही. सांगायचा कंटाळा येतो माणसांना, मी समजू शकते. दर्याबेटावर सगळेच लिहून बोलतात. तिथे मी बहिरी आहे हे कुणाला कळतसुद्धा नाही. एकदा तरी पुढे असायचंय मला.

तेव्हा होडी कशी चालवायची ते लिही. तुझे आतोबा बरे आहेत. होड्या शाकारून पडल्यात, मासेमारी बंद, म्हणून दिवसभर पडवीत बसून माझ्या पडद्यावर नाक खुपसतात आणि तोंड वाकडं करतात.

लोभ आहेच तुझा, त्यात सूचनांची भर घाल.

तुझी,
नीरा आत्या

*

सुधागड
दि. २१ जून २०२५

ती. आत्या हिस मृणालचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझ्या बोंबलांची चोरी मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवली. आमचे मुख्याध्यापक इतके हसले की त्यांच्या डब्यातली भाजी सांडली. मुलींनी विचारलंय, पुढचं पत्र कधी येणार?

आता नीट वाच. बांधकाम तुला आलंच आहे. राहिली स्क्रिप्ट. ती म्हणजे वस्तूला सांगून ठेवलेलं काम. अमुक झालं की तमुक कर, एवढंच. कुणी हात लावला की असं बोल, कुणी बसलं की तसं हल. तुकड्यात नवी स्क्रिप्ट टाकलीस की आत नमुन्याच्या ओळी आयत्याच मिळतात. त्याच बदलून बदलून शीक. मीही तशीच शिकले. ओळ संपली की अर्धविराम. महिरपी कंस उघडलास की बंद करायचा, नाहीतर पूर्ण स्क्रिप्ट रुसून बसेल. चूक झाली की ते ओळीचा आकडा दाखवतं, पण खरी चूक पुष्कळदा तिच्या वरच्या ओळीत असते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी रडले होते.

होडी चालवायची तयार स्क्रिप्ट पालीला जाऊन शोधली आणि छापून सोबत जोडली आहे. जशीच्या तशी उतरव. चालली की मग एकेक आकडा बदलून बघ. वेग, वळण, लाटेवरचं डोलणं, सगळं आकड्यांत आहे. एका वेळी एकच आकडा बदल, दोन नाही. आणि डोळ्यांना मधे मधे विश्रांती दे.

आतोबांना नमस्कार. तोंड वाकडं करून झालं की त्यांनाही एक ठोकळा ओढायला दे.

माझ्यावरची माया अशीच असू दे, आणि सुका जवळा पाठवशील तर ती दुप्पट मानीन.

तुझी लाडकी,
मृणाल

*

मुरुड
दि. ९ जुलै २०२५

चि. मृणाल हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

चालली! होडी चालली! मी इतक्या जोरात ओरडले म्हणे की शेजारची मनुबाई पीठ मळता मळता धावत आली. मला कुठलं ऐकू येतंय, मी ओरडतच होते.

सगळं सांगते. आधी दार केलं, हात लावला की उघडणारं. मग एक टोपली केली, तिला हात लावला की ती म्हणते, ताजी हाय, घे. त्यात मी कंस विसरले, अर्धविराम विसरले, एकदा तर तुझ्या छापील कागदावरचा शाईचा डागही ओळीत उतरवला. पण आता लाल अक्षरं आली की घाबरत नाही. वरची ओळ बघते.

होडी मात्र आपल्यासारखीच बांधली. एकेक फळी वेगळी, डोलकाठी, शीड, पुढे उंच टोकाची नाळ, तिच्यावर डोळे रंगवले. रुचिता म्हणाली, एवढ्या फळ्या कशाला, एकच ठोकळा वाकवला तरी भागलं असतं. मी लिहिलं, बाई, ठोकळ्यात बसून समुद्रात जातात का कुणी? सगळ्यात शेवटी नारळ ठेवला, देवाचं नाव घेऊन, शेंडी बेटावरच्या देवळाकडे करून, आणि मग सगळे तुकडे एकत्र जोडले. एकटीच बसून थोडी हलवून पाहिली, तर हलली. नारळ पाण्यात सोडायची ओळ पण घातलीय.

तुझे आतोबा बघायला आले. शीड बघून म्हणाले की हे असं बांधलं तर पहिल्या वाऱ्यात फाटेल. म्हणाले म्हणजे हातवारे केले. मी लिहून दाखवलं की या जगात वारा मी सांगेन तेवढाच येतो. तेव्हा मान उडवून निघाले. पण जाता जाता मनुबाईच्या नवऱ्याला सांगितलं की ही होडी तरली तर मी स्वतः तिच्यात बसेन. मला हे मनुबाईने लिहून दिलं. वाडीभर झालंय आता.

तालीम वीस तारखेला आहे. पुण्याच्या हर्षदचीही होडी आहे, दिव्यांची, मोठी. मला भीती नाही. थोडी आहे.

जवळा पाठवलाय. त्याच्या वासासकट आमची आठवण ठेव.

नीरा आत्या

*

मुरुड
दि. २१ जुलै २०२५

चि. मृणालला आशीर्वाद.

लॅपटॉप बांधून ठेवलाय. मनुबाईचा निकेश पालीला येईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठवते. मला नको.

आठ माणसं बसली. होडी निघाली ती आडवी! खेकड्यासारखी. नाळ समुद्राकडे आणि होडी चाललीय देवळाच्या दिशेने. लोकांना वाटलं मी मुद्दाम करतेय, टाळ्या वाजवल्या. कशीबशी ढकलत पाण्यात नेली. म्हटलं, निदान नारळ तरी वाहू. नारळाला हात लावला आणि नारळाबरोबर सगळी होडी तळाला! आठही माणसं समुद्राच्या बुडाशी मांडीवर हात ठेवून बसलेली, वरून मासे फिरतायत. हर्षदने लिहिलं की काकूंनी नारळाबरोबर आम्हालाही वाहिलं. सगळे हसले. मीही हसल्याची खूण टाकली. खोटी.

रुचिता चांगली आहे, तिने तीन ऑगस्टला पुन्हा संधी दिलीय. पण तुझे आतोबा मागे उभे होते. पोट धरून हसले आणि तसेच बाहेर गेले. संध्याकाळी बाजारात गेले तर मासळीवाल्या माझ्याकडे बघून हाताने बुडी मारल्याची खूण करत होत्या. त्यांचं काय चुकलं? मीच शेफारले होते.

चूक शोधून शोधून डोळे दुखले. प्रत्येक ओळ तुझ्या कागदाप्रमाणे आहे. लाल अक्षर एकही नाही. मग बुडाली का? मला हे येणार नाही, मृणाल. वय झालं.

आत्या

*

सुधागड
दि. २५ जुलै २०२५

ती. आत्या हिला साष्टांग नमस्कार. वि. वि. आणि हात जोडून वि.

लॅपटॉपची गाठ आधी सोड. तुझी एकही ओळ चुकलेली नाही.

तुझं नऊ जुलैचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. तू लिहिलंयस की नारळ सगळ्यात शेवटी ठेवला आणि मग तुकडे जोडले. आत्या, त्या जगात जोडताना जो तुकडा शेवटी निवडशील तो सगळ्यांचा मालक होतो. बाकी सगळे त्याच्यामागे जातात. तो जिकडे तोंड करेल ती होडीची पुढची बाजू, आणि तो बुडाला की सगळे बुडाले. आपल्याकडे नारळ शेवटी ठेवायचा म्हणून तू शेवटी ठेवलास. त्याची शेंडी देवळाकडे होती, म्हणून होडी देवळाकडे गेली. त्याला पाण्यात जा म्हणालीस, तो सगळ्यांना घेऊन गेला. तू होडीला नारळ नाही बांधलास, नारळाला होडी बांधलीस!

ही चूक हर्षदच्या हातून कधीच होणार नाही, कारण होडीवर नारळ कधी ठेवतात हे त्याला ठाऊकच नाही. मला मात्र आधीच सांगायला हवं होतं. रागव माझ्यावर, कामावर नको.

उपाय सोपा. सगळं सोड, नारळ सर्वांत आधी निवड आणि तळाची कण्याची फळी सर्वांत शेवटी. त्या फळीचं तोंड समुद्राकडे ठेव, आणि नारळाच्या ओळीत फक्त त्याच तुकड्याला हलव. झालं. आणि वयाचं परत लिहिलंस तर मी मुलींना घेऊन मुरुडला येईन आणि सगळ्या मिळून तुझा जवळा संपवू.

तुझ्या रागाचीही धनीण,
मृणाल

*

मुरुड
दि. ४ ऑगस्ट २०२५

चि. मृणाल हिला उदंड आशीर्वाद. वि. वि.

मान मिळाला! माझ्या होडीला! आधी हे लिहिते, मग बाकीचं.

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला आणि मग एकटीच हसत सुटले. गाठ सोडली. कण्याची फळी शेवटी घेतली, ते पटलं. पण नारळ सगळ्यांच्या आधी? हात होईना गं. तू म्हणशील खेळातला नारळ तो. असेल. पण ठेवणारी मी खरी आहे ना? दोन दिवस तशीच बसून राहिले. मग डोक्यात आलं, बांधायचाच कशाला? आपण नारळ होडीला थोडाच खिळ्याने ठोकतो? तो हातात असतो!

म्हणून नारळ होडीतून काढला आणि हातात घेतला. पण हातातली वस्तू पाण्यात पडेना. मग मी स्वतः, तुला न विचारता, स्क्रिप्ट लिहिली. हात लावला की हातातला नारळ दिसेनासा होतो आणि त्याच क्षणी पाण्यात दुसरा प्रकट होतो, तरंगतो, लाटेबरोबर डोलतो. पहिल्या खेपेला तो माझ्या डोक्यावर प्रकट झाला. दुसऱ्या खेपेला थांबेचना, नारळांचा पाऊस पडला, रुचिता धावत आली. पण जमलं. माझी पहिली स्वतःची स्क्रिप्ट. कुणाच्या कागदावरून उतरवलेली नाही.

काल तालीम झाली. होडी सरळ गेली, वळणावर कलली, सावरली, आठही जण बसल्या जागी. हर्षदची होडी वळणावर दोघांना पाण्यात टाकून पुढे गेली. सगळ्यांनी माझं नाव घेतलं, आणि पहिलं हर्षदने. वर त्याने विचारलं की काकू, मला ते कलणं शिकवाल का. मी लिहिलं, एका वेळी एकच आकडा बदल, दोन नाही.

आता एक गोष्ट. नारळ हातात म्हणजे धरणारं माणूस नाळीवर हवं. आमच्या वाडीत बायका किनाऱ्यावर आरती घेऊन उभ्या राहतात, नाळीवर पुरुष. रुचिताने विचारलं की नारळ कोण धरणार. मी लिहिलं, मी. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. पण पुसलं नाही.

पौर्णिमेला सकाळी अकराला मिरवणूक. आतोबांना मी लिहून दाखवलं की तुम्ही वाडीत शब्द दिलाय, बसायला या. त्यांनी नुसती मान हलवली. येतील की नाही कोण जाणे.

आनंदाने वेडी झालेली,
तुझी आत्या

*

मुरुड
दि. १० ऑगस्ट २०२५

चि. मृणाल हिला तुळशीरामचे आशीर्वाद.

मी पत्र लिहितोय म्हणून घाबरू नको, सगळे खुशाल हाव. तुझी आत्या लिहिणार होती, पण मी म्हटलं, हे मी लिहितो.

मी बसलो तिच्या होडीत. शब्द दिला होता. निकेशचा लॅपटॉप तिनं माझ्यासमोर ठेवला आणि मला आत नेण्यासाठी एक माणूस तयार करून दिला, माझ्याच नावाचा. पोट कमी केलंय, केस वाढवलेत. मी तक्रार केली न्हाय. टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. होडीत मात्र ती पुढं नाळीवर, हिरवं लुगडं नेसलेली, आणि मी मागं, तिनं सांगितलं तिथं. उभा जन्म तांडेलकी केली, सुकाणू सोडून मागं नुसता कधी बसलो न्हाय.

वळण आलं तसा मी सवयीनं ओरडलो की डावीकडं घे. तिला कुठलं ऐकू येतंय. मग लिहायला घेतलं. डावीकडं हा शब्द लिहून होईस्तोवर होडी वळली, सावरली आणि पुढं गेली. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा सुरेख वळवली. मागं होड्याच होड्या, सगळे तिचं नाव लिहितायत. तिनं नारळ सोडला आणि तो असा डोलत गेला की माझे हात आपोआप जुळले. खऱ्या टेबलावर, खरे हात. मनुबाई, तिचा नवरा, अर्धी वाडी आमच्या पडवीत उभी होती. बुडी मारल्याची खूण करणाऱ्या बायांनी टाळ्या पिटल्या. हिला त्या ऐकू आल्या न्हाईत, पण दिसल्या.

खरी गोष्ट पुढंच हाय. मिरवणूक संपली, लोक गेले. आम्ही दोघं होडीतच बसलेलो. मी लिहिलं, छान झालं. तिचं उत्तर लगेच आलं. मग मी विचारलं की दमलीस का. मग तिनं विचारलं की यंदा जाळं कुणाकडून घेणार. मी सांगितलं. तिला आधीच ठाऊक होतं, आणि तिचं म्हणणं वेगळं होतं, आणि बरोबर होतं. मग भावकीचं निघालं, आमच्या लेकीच्या, विनिताच्या सासरचं निघालं, मी कुणाशी बोललो न्हाय असं पुष्कळ निघालं. तिचे कान गेल्यापासून मी तिला बाजारातून काय आणायचं आणि कोण आलं गेलं एवढंच हातानं सांगत आलो. बाकी सगळं माझ्यातच ठेवलं. तिला सांगून काय उपयोग, असं वाटायचं. ती मात्र कधीपासून उत्तरं तयार ठेवून बसली होती.

काल पण बसलो आणि आज पण बसलो. माझी बोटं चालत न्हाईत, ती हसते. समुद्र खुला झालाय, होडी काढायला हवी, तरी मी आणखी दोन दिवस घरीच हाय. पोरी, तू तो लॅपटॉप दिलास, त्याचं मला कसं फेडावं ते कळत न्हाय. डोळ्यांत पाणी येतंय, येऊ दे.

आता पत्र आवरतं घेतो. ती समोरच बसलीय, दोन हातांवर. पडद्यावर तिनं लिहिलंय की भात निवतोय, उठा. मी उठत न्हाय. आधी तिला उत्तर लिहितो.

तुझा,
आतोबा