पडायला गादी लागते

१२ नोव्हेंबर

चि. राजे,

आशीर्वाद. तुझी काकू बरी आहे. माझे डोळे कुरकुरतात, हात मात्र शाबूत.

या हातांनी लाकडाचे पाय केले, ॲल्युमिनियमचे केले. गुडघ्याचे सांधे, चामड्याचे पट्टे, कुबड्या, आणि हे करायची निम्मी हत्यारंसुद्धा. कुणी शिकवलं नाही. बिघडवत शिकलो, पण बिघडलेलं कुणाच्या पायात घातलं नाही. तुझा पांगुळगाडाही माझाच. तू चाकं चोखायचास म्हणून त्याला रंग दिला नव्हता.

तुझं भाषण तुझ्या बापानं, आमच्या दादानं, फोनवर दाखवलं. ‘कंपनी काढताना आम्ही तीनदा पडलो, तीनदा उठलो! घाबरू नका, लवकर पडा!’ टाळ्याच टाळ्या. दादा डोळे पुसत होता.

मी विचारलं, “दादा, तिन्ही वेळा उचललं कुणी?”

“तुझं आपलं काहीतरीच! मी गाळा विकला तो कशाला?”

राजे, पडायला खाली गादी लागते. माझ्याकडे येणाऱ्यांच्या खाली फरशी असते.

शिंपीणबाई आठवतात? तुझे शाळेचे शर्ट शिवायच्या. मंगळवारी शेजारणीच्या खांद्यावर हात टाकून आल्या. तुमच्या कंपनीच्या यंत्रानं घडवलेला पाय त्यांना चाचणीसाठी फुकट मिळालेला. जिन्यात त्याचा घोटा निखळला आणि बाईंचं उजवं मनगट मोडलं. म्हणाल्या, “पाय गेला तेव्हा मशीनला मोटर बसवली. आता हाताला काय बसवू?” आणि स्वतःच हसल्या.

त्या रविवारी पडल्या. तुझ्या पत्रावर तारीख सोमवारची. पत्रात बाईंबद्दल अवाक्षर नाही, माझं कौतुक मात्र पानभर. कंपनीच्या सहा वर्षांत काका आठवला नाही, आणि आता प्रत्येक घोट्यावर त्याचं नाव कोरायचंय? हार बकऱ्यालाही घालतात, राजे. पुढचा माणूस पडला की बोट कुणाच्या नावावर जाणार?

काकू म्हणते, “पोरगं मायेनं म्हणत असेल. तुम्हाला दुधातही खडे दिसतात.” असेल माया. मग आधी बाईंच्या दारात का गेला नाहीस?

त्यांचा नवा पाय मी करतोय. तुमचा घोटा फडक्यात बांधून फळीवर ठेवलाय, मागितलास तरी देणार नाही.

एक सांगायचं नव्हतं, सांगतो. पाकीट फोडताना वाटलं होतं, तू शिकायला येतोयस. मी दुसरं स्टूल पुसूनही ठेवलं होतं.

ज्याच्या गाड्यावर तू पहिलं पाऊल टाकलंस,
तो तुझा काका

ता. क. तुझ्या वकिलाला स्वच्छ कळावं म्हणून लिहितो. तुमच्या प्रत्येक पायावर माझं नाव, कायमचं, आणि बदल्यात मला चाळीस लाख. नको.